आडनाव कळण्याआधी

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला, जुन्या सोपारा गावालगत विटांचा एक स्तूप आहे. गावकरी त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं, तेव्हा आत एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक होता, करंडकाभोवती बुद्धांच्या आठ लहान कांस्यमूर्ती होत्या आणि एकात एक बसवलेल्या डब्यांच्या आत सोन्याची फुलं आणि भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यात सापडला. विरार लोकलने रोज ये-जा करणाऱ्या लाखो माणसांच्या वाटेवरचं हे ठिकाण. इतिहासाच्या पुस्तकात ते बंदर म्हणून येतं. ध्यानाला बसणाऱ्यांनी मात्र ते आणखी एका कारणासाठी ओळखायला हवं.

पाली त्रिपिटकातल्या ‘उदान’ या ग्रंथात बाहिय नावाच्या माणसाची कथा आहे. तो सुप्पारकाचा, म्हणजे याच सोपाऱ्याचा. समुद्रकाठी राहायचा, अंगावर वल्कलं नेसायचा. लोक त्याला मान देत, आणि त्यामुळे आपण अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झालो आहोत की काय असं त्याला वाटू लागलं होतं. एका देवतेने त्याला स्पष्ट सांगितलं की तू अर्हत नाहीस आणि अर्हत होण्याची वाटही तुला ठाऊक नाही. ती दाखवणारा माणूस उत्तरेत श्रावस्तीला आहे. बाहिय ऐकल्या पावली निघाला. श्रावस्तीला पोचला तेव्हा बुद्ध नगरात भिक्षेला गेले होते. बाहियाने त्यांना रस्त्यातच गाठलं आणि पायांवर डोकं ठेवून उपदेश मागितला. ही वेळ नव्हे, आम्ही भिक्षेला निघालो आहोत, असं बुद्ध दोनदा म्हणाले. आयुष्याचा भरवसा काय, असं म्हणत बाहियाने तिसऱ्यांदा विनवलं, तेव्हा बुद्धांनी भर रस्त्यात, उभ्या उभ्या त्याला सांगितलं. त्याचा आशय असा: डोळ्यांना जे दिसतं त्यात दिसण्यापलीकडचं काही मिसळू नये, कानांना जे ऐकू येतं त्यात ऐकण्यापलीकडचं काही मिसळू नये. वास, चव, स्पर्श आणि मनात उमटणारा विचार यांच्या बाबतीतही हेच करावं. असं जमलं की या सगळ्याच्या मधोमध बसलेला ‘मी’ कुठे सापडत नाही. बाहियाला तेवढ्याने उमगलं. थोड्याच वेळात वासरू असलेल्या गाईने शिंग मारून त्याचा जीव घेतला. बुद्धांनी भिक्षूंकरवी त्याचं दहन करवलं आणि त्याच्यासाठी स्तूप उभारायला लावला.

आज ज्याला मोकळं भान म्हणतात, म्हणजे एकाच गोष्टीवर मन न खिळवता येईल ते येऊ देणं आणि जाईल ते जाऊ देणं, त्याचं इतकं नेमकं वर्णन पाली वाङ्मयात दुसरीकडे क्वचितच मिळेल. आणि ते दिलं गेलं रस्त्यावर, भिक्षेच्या वेळी, एका अशा माणसाला ज्याच्या अंगावर चीवर नव्हतं, जो संघात नव्हता, ज्याचं कूळ कुणी विचारलं नाही. मला या कथेत शेवटची गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. माझं म्हणणं असं, की आपल्या समाजात मोकळ्या भानाची खरी परीक्षा उशीवर मांडी घालून होत नाही. समोरच्याचं आडनाव कानावर पडतं त्या क्षणी ती होते.

आधी बसण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बसल्याशिवाय पुढचं दिसत नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलेल्यांना क्रम माहीत आहे. सुरुवातीचे दिवस फक्त श्वास, नंतर अंगभर उमटणाऱ्या संवेदना. ब्रह्मदेशातल्या महासी सयाडोंच्या परंपरेत जे ठळकपणे जाणवेल त्याची मनात नोंद करत जातात. जपानच्या सोतो झेनमध्ये तेराव्या शतकातल्या दोगेनपासून कसलंही आलंबन न घेता नुसतं बसण्याचा पाठ आहे. तिबेटी महामुद्रेतही पुढच्या टप्प्यावर मनाला कुठे बांधून ठेवत नाहीत. वाटा वेगळ्या असल्या तरी मोकळ्या भानाकडे जाताना बहुतेकांना आधी एका खुंटीचा आधार लागतो. श्वासावर दहा मिनिटंही टिकत नसलेलं मन एकदम मोकळं सोडलं, तर ते मोकळं राहत नाही, भटकतं. म्हणून थोडा वेळ श्वासाशी राहावं आणि मन जरा बसलं की श्वासालाही इतर गोष्टींतली एक गोष्ट होऊ द्यावं.

मग काय होतं ते पाहा. सकाळी सातची वेळ. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होते. कानाने शिट्टी ऐकली. लगोलग मन म्हणतं, त्यांच्याकडे डाळ शिजायलासुद्धा लागली. मग म्हणतं, आपल्याकडे अजून चहाचं भांडं घासलेलं नाही. मग म्हणतं, या घरात मी सांगितल्याशिवाय कधी काही होत नाही. शिट्टी दोन-तीन सेकंदांत संपली आणि तक्रार पाच मिनिटं चालली. मोकळ्या भानात तक्रारीला हाकलायचं नसतं. तीही आलेली एक गोष्ट आहे, हे जाणायचं असतं. शिट्टी कानाने दिली आणि उरलेलं मनाने घातलं, हा फरक एकदा डोळ्यांदेखत घडताना दिसला की तो पुन्हा पुन्हा दिसू लागतो. सगळा अभ्यास एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

मज्झिम निकायातल्या मधुपिंडिक सुत्तात ही साखळी कडी-कडीने उलगडली आहे. इंद्रिय आणि विषय यांचा स्पर्श होतो, त्यातून सुखद, दुःखद किंवा तटस्थ वेदना, म्हणजे अनुभूती, उमटते, मग ओळख पटते, मग विचार, मग विचारांचा पसारा. शेवटी तो पसाराच माणसाला घेरतो. सुरुवातीला आपण काहीतरी करतो आहोत असं वाटत असतं आणि शेवटी आपल्यावरच काहीतरी होत असतं. रागाच्या भरात तासभर घालवलेल्या कुणालाही हे वर्णन परकं वाटणार नाही.

अलीकडच्या मेंदूविज्ञानानेही या बाजूने पाहिलं आहे. रिचर्ड डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ध्यानाचे दोन ढोबळ प्रकार मांडले: एका आलंबनावर लक्ष रोखणारे आणि जे येईल त्यावर मोकळी नजर ठेवणारे. त्याआधी २००७ मध्ये हेलीन स्लाग्टर यांच्या गटाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. पडद्यावर झरझर अक्षरं सरकत असताना मधूनच दोन आकडे दाखवायचे. पहिल्यानंतर दुसरा अर्ध्या सेकंदाच्या आत आला तर बहुतेकांना तो दिसतच नाही, कारण मन पहिल्यातच गुंतलेलं असतं. तीन महिने विपश्यनेच्या शिबिरात काढून आलेल्यांना मात्र दुसरा आकडा आधीपेक्षा जास्त वेळा दिसला आणि पहिल्यावर त्यांचा मेंदू कमी शक्ती खर्च करत होता. माझ्या दृष्टीने या प्रयोगाचं मोल तणावमुक्तीच्या जाहिरातींपेक्षा कितीतरी जास्त आहे. पहिल्यावर अडकलेल्याला दुसरं दिसत नाही, ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या आकड्यांपुरती राहत नाही.

कचेरीत नवा सहकारी येतो. हात पुढे करून म्हणतो, ‘मी संदीप.’ समोरचा हसतो, हात मिळवतो आणि विचारतो, ‘पूर्ण नाव?’ आडनाव कळतं. तेवढ्याने उलगडा झाला नाही तर पुढचा प्रश्न येतो, ‘मूळ गाव कुठलं?’ तरीही नाही, तर ‘म्हणजे अमुक साहेब तुमच्या नात्यातले का?’ या प्रश्नांचा हेतू दोघांनाही कळतो आणि दोघेही तो कळला नाही असं दाखवतात. उत्तर मिळाल्यावर विचारणाऱ्याच्या छातीत काहीतरी सैलावतं किंवा आखडतं. सैलावलं तर आवाजात मोकळेपणा येतो, ‘अरे वा, मग तुम्ही आपल्यातलेच!’ आखडलं तर वागणं आणखी सभ्य होतं, पण अंतर पडतं. त्यानंतर संदीप काय बोलला, कुठल्या कामातला जाणकार आहे, हे अर्धं ऐकलं जातं. दुसरा आकडा निसटला.

आता या दोन मिनिटांवर मधुपिंडिक सुत्त ठेवून पाहा. कानावर एक शब्द पडला, सुखद किंवा दुःखद वेदना उमटली, ओळख पटली, आणि मग पिढ्यान्‌पिढ्यांचा पसारा आपोआप मांडला गेला: हे लोक असे, त्यांच्यात तसं, त्यांचं खाणं, त्यांची भाषा, त्यांना मिळालेली जागा. त्यातलं एकही वाक्य संदीप बोललेला नाही.

जिन्यात सुके बोंबील भाजल्याचा वास येतो तेव्हाही हेच घडतं. एकाला भूक लागते, दुसरा नाकाला रुमाल लावतो. वास दोघांना एकच मिळाला. रुमाल लावणाऱ्याला वास नकोसा वाटणं ही झाली वेदना, त्यात दोष काही नाही. पण तिथून ‘घाण’, तिथून ‘ही माणसं’, आणि तिथून घर भाड्याने देताना ‘फक्त शाकाहारींना’ ही अट, इथपर्यंतचा रस्ता नाकाने केलेला नाही. तो मनाने केला आहे, आणि इतक्या वेगाने की करणाऱ्याला वाटतं आपण नुसता वास घेतला.

सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. जन्माने ब्राह्मण ठरतो की कर्माने, यावर दोन तरुण ब्राह्मणांचा वाद होतो आणि ते बुद्धांकडे येतात. बुद्ध सांगतात, की गवत, झाडं, किडे, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्या जाती शरीरावरच्या खुणांनी वेगळ्या ओळखता येतात. माणसांत तशा खुणा नाहीत. माणसांतला भेद व्यवहाराने दिलेल्या नावांचा आहे. जो शेती करतो तो शेतकरी, जो व्यापार करतो तो व्यापारी. हे सुत्त जातिविरोधाचं म्हणून वाचलं जातं आणि बाहियाची कथा ध्यानाची म्हणून. मला ही वाटणी चुकीची वाटते. वासेट्ठाला बुद्ध सांगतात की जात दिसत नाही, ती लावलेली असते. बाहियाला सांगतात की जे दिसतं त्यात लावू नये. शिकवण एकच आहे. एकीकडे ती समाजाविषयी बोलताना आली, दुसरीकडे मनाविषयी.

इथे एक आक्षेप येईल. मोकळं भान म्हणजे कशावरही निवाडा न देणं. तिथे चांगलं-वाईट ठरवू लागलो तर ते मोकळं कसं राहिलं? जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या कार्यक्रमातून निवाडा न देण्यावरचा हा भर जगभर गेला. दुखण्याने पिचलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो, हे मला मान्य आहे. पण सतिपट्ठान सुत्त वाचलं तर तिथे चित्त सद्वेष असेल तर ते सद्वेष आहे असं जाणायला सांगितलं आहे, मोह असेल तर मोह आहे असं. द्वेषाला द्वेष म्हणून ओळखणं हा निवाडाच आहे. तो स्वतःच्या चित्तावर दिलेला, स्वच्छ आणि शांत निवाडा आहे. एवढंच की त्यात स्वतःला झोडपणं नाही आणि पाठीशी घालणंही नाही.

अंगुत्तर निकायात स्मृतीला, म्हणजे याच भानाला, सीमेवरच्या किल्ल्याचा द्वारपाल म्हटलं आहे. तो हुशार असतो, अनोळखी लोकांना अडवतो, ओळखीच्यांना आत घेतो. म्हणजे दार उघडं आहे, पण बेवारस नाही. आपल्याकडे गावाच्या वेशीवर हे काम वेसकर करायचा. ते काम महारांकडे होतं, आणि राखण करणाऱ्याचं घर गावकुसाबाहेर. त्या गावकुसाबाहेरून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागरूकता, विकारांवर मनाने ठेवलेला पहारा असा सांगितला. ध्यानाचे आजचे अनेक शिक्षक स्मृती समजावताना मोकळेपणापाशी थांबतात. बाबासाहेब पहाऱ्यापर्यंत गेले. सुत्तांना धरून कोण आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो महाराष्ट्रातूनच आला आहे. आंबेडकरी चळवळीतले अनेक कार्यकर्ते विपश्यनेकडे संशयाने पाहतात. त्यांचं म्हणणं, की डोळे मिटून संवेदना न्याहाळणारा माणूस अन्यायाकडेही समतेने पाहायला शिकतो. ज्याने रस्त्यावर यायला हवं तो शिबिराला जातो. १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच भिक्षूबद्दल प्रश्न टाकला आहे: भिक्षू कशासाठी, परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी की समाजाची सेवा करण्यासाठी? स्वतःच्या पूर्णतेत रमलेल्या भिक्षूकडून त्यांना फार आशा नव्हती.

हा संशय खोटा नाही. ‘मी साक्षीभावाने पाहतो’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन पाहावं. कधी कधी त्याचा साक्षीभाव म्हणजे बायको एकटी राबत असताना शांत राहणं असतं. ती भांडते तेव्हा तो डोळे मिटतो आणि तिच्या रागाला तिची आसक्ती समजतो. तिच्या बोलण्यातलं जे ऐकायला हवं होतं, पाणी भरायचं राहिलं, सासूबाईंचं औषध आणायचं राहिलं, ते त्याने ऐकलंच नाही. याला मोकळं भान म्हणणं म्हणजे बाहियाच्या कथेचा अपमान आहे. ऐकलेल्यात काही मिसळू नये याचा पहिला अर्थ असा, की आधी नीट ऐकावं. कंपन्यांत कामाचे तास न घटवता दुपारी ध्यानाचा वर्ग भरवतात, तिथेही मला हीच अडचण दिसते.

पण म्हणून ध्यान सोडून द्यावं, असं उत्तर मला पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसं समान मानण्याची आणि समतेसाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. त्याच यादीत अष्टांगिक मार्ग पाळण्याचीही आहे, आणि त्या मार्गातलं सातवं अंग सम्यक स्मृती आहे. ही जोडी तोडता येत नाही. कायद्याने जातिभेदाला मनाई केली तरी आवाजाच्या पट्टीत, हात पुढे करण्यातल्या उशिरात, घरात कुठला कप पुढे करायचा या निवडीत जात जगते. तिथे पोलीस पोचत नाहीत आणि न्यायालय पोचत नाही. तिथे फक्त त्या माणसाचं स्वतःचं भान पोचू शकतं, आणि तेही अर्ध्या सेकंदाच्या आत पोचलं तरच.

नुसत्या भानाने सगळं होतं असंही मी म्हणत नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. शाक्यकुळातले तरुण दीक्षेला आले, त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपालीही होता. त्यांनी बुद्धांना विनवलं, की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आमच्याहून ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. त्या तरुणांना कळलं होतं, की अभिमान केवळ न्याहाळून जात नाही. पाठ वाकवावी लागते, आणि ती वाकावी अशी व्यवस्था आधी करून ठेवावी लागते. सामाजिक न्यायाचे कायदे, राखीव जागा, एका पंगतीत जेवणं ही त्याच प्रकारची व्यवस्था आहे. भान तिला पर्याय नाही. पण व्यवस्था असूनही मन ज्या पळवाटा काढतं, त्या भानाशिवाय दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगणं जबाबदारीचं आहे. सगळी दारं एकदम उघडणं सगळ्यांना झेपत नाही. ज्यांनी मारहाण, अत्याचार किंवा सततचा अपमान सोसला आहे, त्यांना शांत बसल्यावर तेच अंगावर धावून येऊ शकतं. २०१७ मध्ये जेरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यान करताना भीती, झोप उडणं, वास्तवाचं भान सुटणं असे अनुभव आलेल्या साधकांच्या मुलाखती आहेत. असं होत असेल तर डोळे उघडावेत, तळपायांखालची जमीन जाणवू द्यावी, उठून चालावं, आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. जातीचे चटके बसलेल्या माणसाला ‘नुसतं पाहा’ असं सांगण्याआधी सांगणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत ते तपासावं. आडनावाचा अभ्यास आधी त्यांनी करायचा आहे, ज्यांना आडनावाने आजवर दार उघडून दिलं.

म्हणून मराठीत ध्यानाचे वर्ग घेणाऱ्यांना, शिबिरं भरवणाऱ्यांना आणि घरी चार जण जमून बसणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. बसून झाल्यावर आपण श्वास किती टिकला, पाय किती दुखला, याविषयी बोलतो. त्या गप्पांत हाही विषय घ्या: या आठवड्यात कुणाचं नाव ऐकलं, तेव्हा अंगात काय आखडलं, काय सैलावलं आणि त्या माणसाचं पुढचं बोलणं किती ऐकू आलं. आणि वर्गाच्या नोंदणीच्या कागदावर आडनावाचा रकाना असेल तर तो काढून टाका.